डब्यात काय भरलंय, हे टेस्टला ठाऊक हवं



फायनल इयरच्या प्रोजेक्ट डेमोला एक वाक्य हमखास कानावर पडतं. "सर, माझ्या लॅपटॉपवर तर चालत होतं!" बिचारा खोटं बोलत नसतो. त्याच्या लॅपटॉपवर खरंच चालत असतं. रात्री दोन वाजता सगळ्या टेस्ट हिरव्या झालेल्या रूम पार्टनरनेही पाहिलेल्या असतात. आणि तोच प्रोग्राम लॅबच्या मशीनवर नेला की रुसून बसतो. अशा वेळी दोष कोडचा असतोच असं नाही. पुष्कळदा कोडसोबत जे सामान जायला हवं होतं ते गेलेलंच नसतं, किंवा भलतंच गेलेलं असतं.

या सामानाची यादी बिल्ड टूलकडे असते. पण आपल्या टेस्ट त्या यादीला कधी काही विचारत नाहीत. हे विचारायचं कसं, आणि विचारताना कुठे फसायला होतं, हा आजच्या लेखाचा विषय. सिलॅबसमध्ये याला स्वतंत्र युनिट नाही, पण नोकरीत पहिल्या महिन्यातच गाठ पडते.

एक सूचना आधीच. या पानांवर सगळं देवनागरीत छापलं आहे, त्यामुळे टूल्सची आणि आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. मशीनवर ती अर्थातच इंग्रजीत टाइप करायची.

थोडी उजळणी

बिल्ड टूल म्हणजे आपल्या सोर्स कोडपासून चालण्याजोगा प्रोग्राम तयार करणारा कारभारी. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' लिहिलं, तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. जावाच्या जगात पुढे अँट आलं, २००४ मध्ये मेव्हन १.० आलं, २०१२ मध्ये ग्रेडल १.० आलं. मेव्हनने एक मोठी सोय रूढ केली. आपण फक्त "मला अमुक लायब्ररी, अमुक आवृत्ती हवी" एवढं पॉम फाइलमध्ये लिहायचं. बाकी उतरवून आणायचं काम त्याचं.

जी लायब्ररी आपण मागितली ती आपली थेट डिपेंडन्सी. त्या लायब्ररीला स्वतःला आणखी चार लायब्रऱ्या लागतात, त्याही मागोमाग येतात. लग्नात एकाला आमंत्रण द्यावं आणि त्याच्याबरोबर सगळा गोतावळा यावा, तसं. त्यांना ट्रान्झिटिव्ह डिपेंडन्सी म्हणतात. दहा ओळींच्या पॉममधून पन्नास-साठ जार गोळा होणं ही रोजची गोष्ट आहे. खरी गोम इथेच आहे, कारण या पन्नास-साठपैकी बहुतेकांची नावं आपण कधी वाचलेलीही नसतात.

उदाहरण उसाच्या पावतीचं

कोरड्या व्याख्यांनी विषय डोक्यात बसत नाही, म्हणून एक उदाहरण धरू. समजा, घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीकडच्या चार मुलांच्या गटाने ऊस-वजनाच्या पावतीचा प्रोजेक्ट घेतला. त्या भागातल्या मुलांना काटा काय असतो हे सांगावं लागत नाही. भरलेली ट्रॉली काट्यावर येते, ढोबळ वजन होतं. गव्हाणीत ऊस रिकामा केला की रिकाम्या ट्रॉलीचं वजन होतं. वजाबाकी केली की निव्वळ वजन. त्याची पावती निघते आणि शेतकरी ती घडी घालून खिशात ठेवतो. पुढे बिलात काही फरक निघाला तर त्याच्या हातात दाखवायला तेवढाच कागद असतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि तो हिशोबही याच कागदावरून चालतो. तेव्हा पावतीवरचा आकडा शेतकऱ्याला वाचता आला पाहिजे, आणि तो मराठीत, लाख-हजाराच्या स्वल्पविरामासकट छापला गेला पाहिजे.

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली. एखाद्याचा हंगामाचा ऊस ३४८ टन, म्हणजे ३,४८० क्विंटल झाला, तर तोडणी-वाहतूक वजा न करता रक्कम होते १२,३५,४०० रुपये. बारा लाख पस्तीस हजार चारशे.

आता हा आकडा जावामधून मराठीत छापायला जा. गंमत बघा.

जावा ८ मध्ये (२०१४) मराठी लोकेल दिलं, तरी नेहमीच्या सेटिंगवर अंक इंग्रजीच येतात, कारण त्यातल्या मूळ माहितीसाठ्यात मराठी नव्हतीच. जावा ९ पासून (सप्टेंबर २०१७) जावाने युनिकोडवाल्यांचा सीएलडीआर नावाचा माहितीसाठा मूळ म्हणून धरला. त्यात मराठीचे अंक देवनागरी ठरलेले आहेत. म्हणून तेच कोड, एक अक्षर न बदलता, जावा ९ वर देवनागरी अंक छापू लागलं. पण स्वल्पविराम? जावाच्या स्वतःच्या डेसिमल फॉरमॅट या क्लासला गटाचा एकच आकार कळतो, तीन-तीनचा. त्यामुळे तो छापतो १,२३५,४००. आपल्याकडे हा आकडा असा कुणी वाचत नाही. 'एक दशलक्ष' असं मनात म्हणून कुणी उसाचं बिल मोजत नाही.

यावर उपाय म्हणजे आयसीयू-फोर-जे ही लायब्ररी. आयसीयू हा प्रकल्प आयबीएमकडून वाढला आणि २०१६ पासून युनिकोड कन्सॉर्शियमकडे आहे. त्याला पहिला गट तीनचा आणि पुढचे दोन-दोनचे हे नीट समजतं. तो छापतो १२,३५,४००. म्हणजे आपल्या पावतीचा मराठीपणा एका जारवर अवलंबून आहे. डिपेंडन्सी या शब्दाचा अर्थ याहून सोपा करून सांगता येणार नाही.

टेस्ट हिरवी, पावती चुकीची

आपल्या गटाने आयसीयू-फोर-जे पॉममध्ये लिहिली. पण कुठल्या तरी जुन्या प्रोजेक्टमधून ते पाच ओळींचं कोंडाळं उचललं होतं, आणि त्यात स्कोप होता 'प्रोव्हायडेड'. शिवाय खबरदारी म्हणून कोडमध्ये लिहिलं की आयसीयू सापडली नाही तर जावाचं साधं फॉरमॅटिंग वापरा. टेस्ट लिहिली: १२३५४०० दिले तर १२,३५,४०० आलं पाहिजे. हिरवी! पॅकेज बनवलं, पेन ड्राइव्हवर घेतलं, दुसऱ्या मशीनवर चालवलं. पावतीवर आलं १,२३५,४००. एरर नाही, लाल अक्षर नाही, काही नाही.

हे कसं झालं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

मेव्हनमध्ये 'प्रोव्हायडेड'चा अर्थ असा: ही लायब्ररी कंपाइल करताना आणि टेस्ट चालवताना द्या, पण पॅकेजमध्ये भरू नका, कारण जिथे प्रोग्राम चालणार तिथे ती आधीच असेल. वेब सर्व्हरवर सर्व्हलेट एपीआय अशीच असते, म्हणून हा स्कोप केला. काट्याजवळच्या मशीनवर मात्र ती आधीपासून असायचं काही कारण नव्हतं.

मेसच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट स्वयंपाकघरात उभी राहून जेवते. तिथे लोणच्याची बरणी फळीवर आहे, हात लांब केला की मिळते. शेतकऱ्याकडे मात्र डबा जातो. डब्यात लोणचं भरलंच नाही तर स्वयंपाकघरातल्या बरणीचा त्याला काय उपयोग? आपली टेस्ट 'लोणचं आहे' असं शपथेवर सांगत होती, आणि ते खरंही होतं. फक्त प्रश्न चुकला होता. "माझ्याजवळ आयसीयू आहे का?" असं विचारायचं नव्हतं. "डब्यात आयसीयू आहे का?" असं विचारायला हवं होतं.

ग्रेडलमध्ये हा नेमका अपघात जरा कमी होतो. तिथला 'कंपाइल ओन्ली' टेस्टच्या यादीत आपोआप येत नाही. पण तिथेही 'टेस्ट इम्प्लिमेंटेशन'मधून एखादी जार टेस्टपुरती येते आणि अख्खा प्रोग्राम तिच्यावर तरतो.

दुसरा घोटाळा आवृत्तीचा. समजा, आपली एक लायब्ररी आयसीयूची ७० वी आवृत्ती मागते, आणि दुसरीच्या मागून आलेली तिसरी लायब्ररी ७४ वी मागते. मेव्हन जवळच्या नात्याला मान देतो. ज्या वाटेने कमी पायऱ्या, ती आवृत्ती घेतो, म्हणजे ७० वी. पायऱ्या सारख्याच असतील तर पॉममध्ये जी आधी लिहिली ती. ग्रेडल मात्र न सांगता सर्वांत नवीन उचलतो, म्हणजे ७४ वी. म्हणजे त्याच मागण्या, दोन बिल्ड टूल, दोन निकाल. एखाद्याने प्रोजेक्ट मेव्हनवरून ग्रेडलवर नेला तर कोड न बदलता सामान बदलतं. हे बदल माणसाने लक्षात ठेवायचे म्हटलं तर अवघड आहे. टेस्टने विचारलं पाहिजे.

हाताने यादी उतरवू नका

पहिला मोह असा होतो की टेस्टमध्येच आवृत्तीचा आकडा लिहून टाकायचा, किंवा जारचा पूर्ण पत्ता, सी ड्राइव्हपासून. जर्नल उतरवण्याची सवय असली की हे हाताला सहज जमतं! पण आज लिहिलेला आकडा उद्या पॉम बदलली की शिळा होतो. मग टेस्ट उगाचच तुटते, आणि दोन-चार वेळा तुटली की कुणीतरी ती कॉमेंट करून टाकतं. शिवाय तुमच्या युजरनेमचा फोल्डर रूम पार्टनरच्या मशीनवर कुठून असणार? यादी एकाच ठिकाणी लिहावी, बिल्ड फाइलमध्ये. टेस्टने ती तिथूनच मिळवावी.

मिळवायचे मार्ग मुख्यतः तीन.

मार्ग पहिला : चालू प्रोग्रामलाच विचारा

टेस्ट चालते तेव्हा जावाजवळ स्वतःच्या क्लासपाथची माहिती असते. 'जावा डॉट क्लास डॉट पाथ' या सिस्टिम प्रॉपर्टीत जारची यादी मिळते. एखादा विशिष्ट क्लास कुठल्या जारमधून आला हे त्या क्लासच्या प्रोटेक्शन डोमेनमधून, कोड सोर्स मागून, कळतं. मेव्हनने बनवलेल्या जारमध्ये सहसा मेटा-इन्फ फोल्डरात 'पॉम डॉट प्रॉपर्टीज' नावाची छोटी फाइल असते, तिच्यात ग्रुप, आर्टिफॅक्ट आणि आवृत्ती लिहिलेली असते. काही लायब्रऱ्या स्वतःच सांगतात, जसं आयसीयूमधला व्हर्जन इन्फो हा क्लास.

हा मार्ग सोपा आहे, बिल्ड फाइलला हात लावावा लागत नाही. पण मर्यादा बघा. ग्रेडलने बनवलेल्या जारमध्ये ती पॉम डॉट प्रॉपर्टीज आपोआप येत नाही. सगळ्या जार कुटून एक मोठी 'फॅट जार' केली की कोणता क्लास मुळात कुठला हे पुसलं जातं. आज्ञेची लांबी फार वाढू नये म्हणून टेस्ट चालवणारं टूल कधी कधी एकच छोटी जार पुढे करतं आणि खरी यादी तिच्या मॅनिफेस्टमध्ये ठेवतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, ही यादी स्वयंपाकघराची आहे, डब्याची नाही. 'टेस्टमध्ये कोणती आवृत्ती चालली' याचं उत्तर हिच्यातून मिळेल. 'काय पाठवलं जाणार' याचं मिळणार नाही.

मार्ग दुसरा : बिल्ड टूलने यादी टेस्टच्या हाती द्यावी

माझ्या मते रोजच्या कामाला हाच मार्ग. मेव्हनमध्ये असं करा :

१. पॉममध्ये मेव्हन डिपेंडन्सी प्लगइन घ्या. त्याचा 'लिस्ट' हा गोल 'जनरेट टेस्ट रिसोर्सेस' या टप्प्याला बांधा, म्हणजे टेस्टच्या आधी तो चालेल.

२. 'इन्क्लूड स्कोप'ला किंमत द्या 'रनटाइम'. इथे बरेच जण 'कंपाइल' लिहितात आणि फसतात. या प्लगइनमध्ये 'कंपाइल' म्हटलं की प्रोव्हायडेडही यादीत येतात. 'रनटाइम' म्हटलं की कंपाइल आणि रनटाइम येतात, प्रोव्हायडेड येत नाहीत. आपल्याला डब्याची यादी हवी आहे, म्हणून रनटाइम.

३. 'आउटपुट फाइल'मध्ये टार्गेट फोल्डरातल्या एखाद्या टेक्स्ट फाइलचा पत्ता द्या.

४. टेस्ट चालवणाऱ्या शुअरफायर प्लगइनला 'सिस्टिम प्रॉपर्टी व्हेरिएबल्स'मधून तोच पत्ता एका नावाने द्या.

५. टेस्टमध्ये ती प्रॉपर्टी वाचा, फाइल उघडा. वरची ओळ मथळ्याची असते, ती सोडा. पुढच्या प्रत्येक ओळीत ग्रुप, आर्टिफॅक्ट, प्रकार, आवृत्ती, स्कोप हे अपूर्णविरामाने तोडून लिहिलेले असतात. प्लगइनच्या नव्या आवृत्त्या ओळीच्या शेवटी मॉड्यूलचं नावही जोडतात, ते छाटा.

ग्रेडलमध्ये 'रनटाइम क्लासपाथ' नावाचं कॉन्फिगरेशन आहे. टेस्ट टास्कला त्याची यादी सिस्टिम प्रॉपर्टी म्हणून देता येते. दोन गोष्टी सांभाळा. यादी बिल्ड फाइल वाचतानाच सोडवून टाकू नका, टास्क चालायच्या वेळी सोडवा, नाहीतर साध्या 'क्लीन'लाही सगळ्या जार शोधत बसेल. आणि ते कॉन्फिगरेशन टास्कचं इनपुट म्हणून जाहीर करा. तसं केलं नाही तर यादी बदलूनही ग्रेडल 'अप टू डेट' म्हणून टेस्ट न चालवता पुढे जाऊ शकतो.

मार्ग तिसरा : टेस्टने स्वतः शोध घ्यावा

मेव्हन ज्या यंत्राने डिपेंडन्सी सोडवतो ते यंत्र टेस्टमधूनही बोलावता येतं. त्याचं आजचं नाव मेव्हन रिझॉल्व्हर, पूर्वीचं इथर. जेबॉसच्या घराण्यातलं श्रिंकरॅप रिझॉल्व्हर हे त्यावरचं वापरायला सोपं वेष्टन. पॉम वाच, रनटाइमवाल्या घे, गोतावळ्यासकट सोडव, फाइल दे, असं चार शब्दांत सांगता येतं. एखादी वेब आर्काइव्ह टेस्टमध्येच तयार करून सर्व्हरवर चढवायची असेल तर हे फार कामाचं. ग्रेडलवाल्यांना टूलिंग एपीआयमधून असंच विचारता येतं.

किंमतही आहे. वेळ लागतो, आणि जार आधी उतरवलेली नसेल तर नेट लागतं. होस्टेलच्या नेटवर संध्याकाळी सात वाजता कुणी असली टेस्ट चालवून बघावी! दुसरं, टेस्टने पॉम स्वतः वाचली तर तुम्ही आज्ञेत दिलेलं प्रोफाइल तिला माहीत नसतं. श्रिंकरॅपमध्ये ही माहिती पोचवायला वेगळा प्लगइन घ्यावा लागतो. नाहीतर बिल्ड एका यादीने चालतो आणि टेस्ट दुसऱ्या यादीने.

आणि शेवटी डबाच उघडून बघा

वरचे तिन्ही मार्ग यादीबद्दल बोलतात. पण यादीबरहुकूम माल भरला का, हे पॅकेज उघडल्याशिवाय कळत नाही. मेव्हनमध्ये शुअरफायरच्या टेस्ट पॅकेज बनायच्या आधी चालतात. फेलसेफ नावाचा दुसरा प्लगइन आहे, तो पॅकेज बनल्यानंतर टेस्ट चालवतो. तिथे एकच टेस्ट लिहा : तयार झालेलं पॅकेज उघडा, लिब फोल्डरातली नावं वाचा आणि मार्ग दोनने मिळालेल्या यादीशी ताडून बघा. काट्यावर ट्रॉली भरलेली आणि रिकामी अशी दोनदा तोलतात, तशातला प्रकार.

टेस्टने नेमकं काय तपासावं

यादी हाती आली म्हणून प्रत्येक जारवर पहारा बसवू नका. आपल्या पावतीच्या प्रोजेक्टला चार टेस्ट पुरे.

पहिली, यादी रिकामी नाही ना. हे हसण्यावारी नेऊ नका. 'अमुक धोकादायक लायब्ररी यादीत नसावी' अशी टेस्ट रिकाम्या यादीवर मोठ्या ऐटीत पास होते. फाइलच सापडली नाही आणि कोडने गुपचूप रिकामी यादी दिली तरी हिरवं! म्हणून आधी, असायलाच हवी अशी एखादी ओळखीची लायब्ररी यादीत आहे हे तपासा, मग पुढचं. एक्लिप्समधून थेट टेस्ट चालवली आणि प्रॉपर्टीच मिळाली नाही, तर टेस्टने स्पष्ट सांगून थांबावं. पास होऊ नये.

दुसरी, आयसीयू-फोर-जे रनटाइम यादीत आहे. आपला मघाचा अपघात इथेच पकडला गेला असता.

तिसरी, आयसीयूची एकच आवृत्ती आहे, आणि टेस्टमध्ये प्रत्यक्ष चाललेली आवृत्ती (मार्ग पहिला) यादीतल्या आवृत्तीशी (मार्ग दुसरा) जुळते. स्वयंपाकघर आणि डबा यांची गाठ इथे पडते.

चौथी, ज्या लायब्ररीची जुनी आवृत्ती धोक्याची आहे, तिची किमान आवृत्ती. इथे एक व्हायवाचा प्रश्न दडलाय. आवृत्त्यांची तुलना स्ट्रिंग म्हणून केली तर २.९ ही २.१७ पेक्षा मोठी ठरते, कारण बिंदूनंतरचं पहिलं अक्षर ९, ते १ पेक्षा मोठं. तुमची पहारेकरी टेस्ट जुनी आवृत्ती सलाम ठोकून आत सोडेल. तुकडे पाडून संख्या म्हणून तुलना करा, किंवा मेव्हनचाच कम्पेअरेबल व्हर्जन हा क्लास वापरा.

हे फक्त पावतीपुरतं नाही

डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीत मोठं भोक सापडलं. सीव्हीई-२०२१-४४२२८, प्रसिद्ध नाव लॉग-फोर-शेल, धोक्याचे गुण दहापैकी दहा. लॉगमध्ये विशिष्ट मजकूर लिहायला लावला की बाहेरच्या माणसाला सर्व्हरवर स्वतःचं कोड चालवता येत होतं. २.०-बीटा ९ पासून २.१४.१ पर्यंतच्या आवृत्त्या सापडल्या. २.१५.० आली, ती पुरी पडली नाही, मग २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१, सगळं त्याच महिन्यात. त्या आठवड्यात जगभरच्या टीम्सना आवृत्ती बदलण्यापेक्षा जड गेलेला प्रश्न वेगळाच होता : ही लायब्ररी आपल्याकडे आहे का, आणि कुठे कुठे? कारण बहुतेकांनी ती स्वतः मागितलीच नव्हती, ती गोतावळ्यातून आली होती. त्यात भोक होतं 'कोअर' जारमध्ये. 'एपीआय' नावाची जार नुसती असणं वेगळं. यादीला नेमका प्रश्न विचारणारी टेस्ट ज्यांच्याकडे होती, त्यांना उत्तर एका बिल्डमध्ये मिळणार होतं. दर आवृत्तीगणिक टेस्टमधला एक आकडा बदलायचा, बस्स.

आता ही यादी कायद्या-नियमांतही आली आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या सेबीने २० ऑगस्ट २०२४ रोजी शेअर बाजारातल्या संस्थांसाठी सायबर सुरक्षेची चौकट जाहीर केली. त्यात महत्त्वाच्या प्रणालींसाठी सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी, म्हणजे 'एसबॉम', ठेवायला सांगितलं आहे. सर्ट-इननेही २०२४ मध्ये एसबॉमसाठी तांत्रिक मार्गदर्शक सूचना काढल्या. सायक्लोन-डीएक्ससारख्या प्लगइनमधून ही यादी मेव्हन आणि ग्रेडल दोन्हींत तयार करता येते, आणि आपली टेस्ट मघाच्या टेक्स्ट फाइलऐवजी तीच यादी वाचू शकते. एकदा केलेलं काम दोन ठिकाणी उपयोगी. मुंबई-पुण्याला मुलाखतीला जाणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

जावा न करणाऱ्यांसाठी

पायथॉनमध्ये ३.८ पासून (२०१९) 'इम्पोर्टलिब मेटाडेटा' हे मॉड्यूल मिळतं, बसवलेल्या पॅकेजची आवृत्ती टेस्टमधून एका ओळीत कळते. स्कालाच्या एसबीटीमध्ये 'बिल्ड इन्फो' प्लगइन बिल्डची माहिती थेट कोडमध्ये घालून देतो. रस्टचा कार्गो काही माहिती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समधून पुरवतो.

नोडमध्ये 'प्रोसेस व्हर्जन्स' विचारलं की आत कोणती आयसीयू आहे ते कळतं. आणि तिथेही आपल्या मराठी अंकांची गंमत आहेच. नोड १२ पर्यंत नेहमीच्या बिल्डमध्ये फक्त इंग्रजीचा साठा असायचा, त्यामुळे मराठी मागूनही इंग्रजी अंक यायचे. नोड १३ पासून (ऑक्टोबर २०१९) सगळ्या भाषांचा साठा आला आणि अंक देवनागरी झाले. आता एखाद्याने छापलेला आकडा परत वाचून बेरीज करायचा शॉर्टकट मारला असेल तर? जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनला देवनागरी अंक समजत नाहीत, ते 'नॅन' देतं, म्हणजे 'ही संख्याच नाही'. पायथॉनचं इंट मात्र देवनागरी अंक बिनतक्रार वाचतं. शेतकऱ्याच्या पावतीवर एकूण वजनाच्या जागी 'नॅन' छापून आलं, तर काट्यावरच्या माणसाने त्याला काय समजावून सांगायचं?

करून बघा

१. छोटा मेव्हन प्रोजेक्ट करा. आयसीयू-फोर-जे घ्या आणि १२३५४०० हा आकडा एकदा जावाच्या फॉरमॅटने, एकदा आयसीयूच्या फॉरमॅटने मराठीत छापा. फरक वहीत लिहा.

२. स्कोप 'प्रोव्हायडेड' करा. फॉरमॅटिंगची टेस्ट हिरवीच राहते याची खात्री करून घ्या.

३. मार्ग दोनने रनटाइम यादी टेस्टला द्या आणि 'आयसीयू यादीत आहे' ही टेस्ट लिहा. आता लाल झाली पाहिजे.

४. स्कोप काढून टाका, म्हणजे मूळचा 'कंपाइल' लागू होईल. हिरवी झाली पाहिजे.

५. आउटपुट फाइलचं नाव मुद्दाम चुकवा. टेस्ट तरीही हिरवी राहिली, तर तुमची पहिली टेस्ट लिहायची राहिली आहे.

एका प्रॅक्टिकलच्या वेळात हे पाचही होतात. लॅबच्या मशीनवर जार आधी उतरवलेल्या नसतील तर एकदा नेट चालू असताना बिल्ड करून ठेवा, म्हणजे ऐन वेळी धावपळ होणार नाही. आणि ज्यांचा प्रोजेक्ट यंदा डेमोला उभा राहणार आहे, त्यांनी तिसरी पायरी आजच, आपल्या स्वतःच्या पॉमवर करून बघावी. जे लाल व्हायचं ते आत्ताच, होस्टेलच्या रूमवर होऊ दे.